मागची सीट

हॉटेलच्या पोर्चमध्ये टॅक्सी येऊन उभी राहिली. नागेश सवयीने पुढच्या दाराकडे गेला आणि तिथेच थबकला. स्टिअरिंगच्या मागे कोणी नव्हतं.

"आई, दा इस्ट निमांट!" मैत्रेयी ओरडली. नऊ वर्षांच्या या पोरीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र ती जर्मनमध्येच देते.

"दिसतंय मला, कोणी नाहीये ते," विभावरी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

वुहानमधले दोन दिवस मजेत गेले होते. नागेशचं इथल्या एका कारखान्यात काम होतं, मैत्रेयीच्या शाळेला सुट्टी होती, म्हणून जर्मनीतल्या इंगोलश्टाटहून तिघंही आले. हॉटेलात टॉवेल मागवला की कमरेएवढा रोबो आपला आपण लिफ्टने वर येऊन दाराशी उभा राहायचा. मायलेकी हरखून गेल्या. गरज नसताना त्यांनी चारदा टॉवेल मागवले. नागेश मात्र "खेळणी आहेत गं" म्हणत आरशासमोर सोमवारच्या भाषणाची तालीम करत बसला होता.

सोमवारी त्याच्या विभागाचा निकाल लागणार होता. गाडीचं स्टिअरिंग हाताला कसं लागावं, कुठे जड, कुठे हलकं, एवढ्या एकाच गोष्टीवर त्याने अठरा वर्षं घालवली होती. आता तो विभागच बंद करायचं कंपनीत घाटत होतं. माणसाच्या हाताला जे कळतं ते मशीनला कधीच कळायचं नाही, असं तो वरिष्ठांना ठासून सांगणार होता. विभावरीला ते भाषण पाठ झालं होतं, आणि पटलंही होतं.

"अरे, बसायचं ना? ट्रेन जाईल आपली."

"आल्झो... चला, बसूया," तो म्हणाला.

तिघं मागे बसले. दारं लागली, गाडी निघाली.

पहिल्याच वळणावर विभावरीने मैत्रेयीला घट्ट धरलं. रिकाम्या सीटसमोर स्टिअरिंग आपोआप फिरलं आणि पुन्हा सरळ झालं. तिच्या अंगावर काटा आला. भुताटकी म्हणावी तर बाहेर लख्ख ऊन, आणि शेजारून जाणारे स्कूटरवाले या गाडीकडे ढुंकूनही बघत नव्हते. पुलावरून यांगत्से नदी दिसते म्हणून ती कालपासून खिडकी मागत होती. पूल आला आणि गेला, तिने नदीकडे पाहिलंच नाही.

नागेशने डोळे मिटले होते.

"बरं वाटत नाहीये का?"

"श्श."

मग तिच्या लक्षात आलं. टेस्ट ट्रॅकवर तो असाच बसतो. डोळे मिटून, गाडी अंगाला कशी लागते ते बघत. तो घाबरला नव्हता, तो गाडी तपासत होता.

पूल उतरल्यावर एक आजोबा भाजीची पिशवी घेऊन, इकडेतिकडे न बघता, थेट रस्त्यात आले. विभावरीच्या तोंडून "अगंबाई!" निघालं. गाडीचा वेग उतरला, स्टिअरिंग जरासं डावीकडे झुकलं आणि थांबलं. आजोबा निवांत पलीकडे गेले. मग स्टिअरिंग हळूच सरळ झालं. कुणाच्या पोटातलं पाणीसुद्धा हललं नाही.

नागेशने डोळे उघडले. आता याचा चेहरा पडणार, असं विभावरीला वाटलं. पण गाभाऱ्याशी पोचलेला माणूस बघतो, तसा तो समोरच्या त्या रिकाम्या जागेकडे बघत होता. तिला भरून आलं.

स्टेशन आलं. मैत्रेयी आधी उतरली, विभावरीने बॅगा काढल्या. नागेश अजून आतच होता. तो पुढे वाकला आणि स्टिअरिंगकडे बघून हलकेच म्हणाला, "छान चालवलीस."

विभावरी दारात उभी राहून ऐकत होती. जर्मनीचं लायसन्स दुसऱ्या खेपेला का होईना, पण मिळवून ती सात वर्षं गाडी चालवत होती. हे शब्द तिच्या वाट्याला कधी आले नव्हते. एरवी तिने त्याला सोडलं नसतं.

"सोमवारी काय सांगणार आहेस रे?" तिने विचारलं.

नागेश खाली उतरला. त्याने दार अगदी अलगद लावलं.

"हेच," तो म्हणाला.