भिंतीमागची जागा

मुलांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा. ओल आलेली खोली आहे, दिवा पिवळट आहे, आणि टेबलापलीकडच्या बाई आता सांगणार आहेत की तुमची जागा तुमची आहे की नाही. शिवणवाली मावशी अशाच एका खोलीत बाकावर बसली होती.

शेजारच्या रंगवाल्याने गोदामाची भिंत तिच्या परसात सरकवली होती. दुकानाची एकुलती एक खिडकी बुजली. भर दुपारीही सुईत दोरा ओवता येईना आणि गिऱ्हाईक तुटत चाललं. आज निकाल विरुद्ध गेला, तर दुकानाला टाळंच लागणार होतं.

“मावशी, सुई ठेवायला जागा लागते तरी केवढी?” रंगवाल्याने बसता बसता टोमणा मारला.

वकील करण्याची मावशीची ऐपत नव्हती. दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहणारा मोजणीदार तिची बाजू मांडायला आला होता. जागा मोजलीही त्यानेच होती. शाळेला सुटी म्हणून त्याची लेक टिकलीही आली होती. ती मावशीला खेटून बसली होती.

निवाडा करणाऱ्या बाईंनी मोजणीदाराला आधीच थांबवलं. बाजू मांडणारा आपल्या माणसाचा असतो, त्या म्हणाल्या, पण माप सांगणारा कुणाचाच नसतो. दोन्ही कामं एकानेच करायची, तर निकालातून त्याला काहीही मिळणार नसावं. मिळणार असेल आणि त्याने ते लपवलं, तर त्याची मोजणी बाद. मग रंगवाल्याने आणलेलीच मोजणी धरावी लागेल.

“तुम्हाला यातून काही मिळणार आहे?”

“छे, बाई. मावशींकडे चहासुद्धा घेतला नाही मी.”

मावशीने मान डोलावली. मजुरीचं विचारलं तेव्हा तो नुसता हसला होता.

मग तो बोलू लागला. पायाचे जुने दगड कुठे आहेत, हद्दीची खूण कुठे, भिंत किती आत आली, सगळं चोख. रंगवाल्याचं तोंड उतरलं. कितीतरी महिन्यांनी मावशीच्या जिवात जीव आला.

आणखी कुणाला काही सांगायचंय का, असं बाईंनी विचारलं.

टिकलीने मावशीचा हात एकदा दाबला. मग ती उठली आणि तिने वर्गात करतात तसा हात वर केला.

“बाई, ती जागा मावशीलाच द्या ना. आपण जिंकलो की तिथे माझ्या सशांचं घर करायचं, असं मावशीने कबूल केलंय. बाबांनी त्याचं मापसुद्धा घेऊन ठेवलंय.”