गार वारा

चुकून लागलेल्या फोनवरून ओळख झालेली एक मुलगी आजींना रोज फोन करून विचारायची, "आजी, जेवलात ना? गुडघा काय म्हणतोय?" दोघी कधी भेटल्या नव्हत्या. बोलता बोलता ती खिडकीखालच्या रुळांचीही चौकशी करायची, आणि आजी हौसेने सांगायच्या, "लढाईत अडकलेल्या मित्रदेशाला तोफगोळे नेणारी मालगाडी दुपारी जाते बघ. ड्रायव्हर माझ्यासाठी भोंगा वाजवतो, मी हात हलवते."

"चाहता दिसतोय तुमचा!" ती हसायची.

परवा ती म्हणाली, "उद्या दुपारी खिडकीत बसू नका हं, आजी. गार वारा सुटणार आहे. पडदा लावून आतल्या खोलीत पडा." आजींना भरून आलं. पोटच्या मुलाने कधी इतकी काळजी केली नव्हती.

आज फुटलेल्या काचा चुकवत पोलीस अधिकारी त्यांच्यासमोर येऊन बसला होता. रुळांवर घातपात झाला, ड्रायव्हर गेला आणि ती मुलगी शत्रूची हेर होती, हे सगळं त्याने सांगून झालं होतं.

"काल काही वेगळं जाणवलं का, आजी?"

"वारा नव्हता," आजी म्हणाल्या. मग फुटक्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "आणि भोंगा दोनदा वाजला. मी दिसले नाही ना, म्हणून."