कुबडीचं बूच

"इंजिनाखालची हादरे झेलणारी रबरं झिजलीत. नवी मिळंनात, तूच काहीतरी ओतून बसव," भीमा मिस्त्रीकडं स्पोर्ट्स गाडीची किल्ली फेकत इंद्रजितराव म्हणाले. याच गाडीनं गेल्या उन्हाळ्यात कळस गावाजवळ मेंढरांमागून चाललेल्या आबांचा पाय चिरडला होता. पंचांसमोर हेच गृहस्थ म्हणाले होते, "मला काय जाणवलंच न्हाय." भीमा त्या आबांचा लेक, हे रावांच्या ध्यानातही नव्हतं. भीमानं आबांच्या कुबडीच्या खालच्या टोकाला पॉलियुरेथेनचं, म्हणजे रबरासारख्या प्लॅस्टिकचं, बूच ओतलं होतं. ते दगडासारखं झालं, काखेत हादरे बसायला लागले, म्हणून आबांनी ते उपसून भीमापुढं फेकलं. भीमानं मुद्दाम तोच कडक माल कालवला आणि रबरांच्या जागी त्याचेच ठोकळे बसवले. बारामतीला जाऊन राव परतले ते कंबर धरूनच. "गाडी नुसती चालू करून उभी ठेवली तरी दात वाजत्यात." भीमानं कुबडीचं बूच त्यांच्यापुढं ठेवलं. "कळसच्या म्हाताऱ्याचं हाय हे. आता जाणवतंय न्हवं?"