सूनबाईंची यादी

"आमच्या सूनबाईंनी कुठली कुठली पुस्तकं नेली, काढा बघू," वाचनालयाचे अध्यक्ष आबासाहेब पान चघळत संगणकावर ओणवले. ग्रंथपाल इंदुमतीबाईंनी पडदा स्वतःकडे वळवून घेतला.

घरोघरी हिंडून त्यांनीच गावातल्या बायकांना सभासद करून घेतलं होतं. या सुनेनं घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक तीनदा नेऊन परत आणलं होतं, हेही त्यांना ठाऊक होतं.

"वाचकाची नोंद मी कुणाला दाखवत नाही."

"अहो, संगणक आणला कशाला मग?" आबासाहेब खिदळले. "राहू द्या. उद्या कारकून काढून देईल."

त्या खिदळण्याची इंदुमतीबाईंना इतकी किळस आली की भीती उरलीच नाही. आबासाहेबांच्या डोळ्यांदेखत त्यांनी परत आलेल्या पुस्तकांच्या सगळ्या जुन्या नोंदी पुसून टाकल्या. सुनेच्या, गावाच्या, खुद्द आबासाहेबांच्याही.

नोकरी त्याच दिवशी गेली. महिन्याभरात सूनही गेली, आधी वकिलाकडे, मग माहेरी. जाताना ती इंदुमतीबाईंकडे चहाला थांबली. दोघी पुष्कळ बोलल्या, पण पुस्तकाचं नाव एकीनंही काढलं नाही.