उसनी लायब्ररी

१९८६ साल. पुढाऱ्याच्या पुतण्याला हजेरी नसताना परीक्षेला बसू द्यायला प्राचार्य गोपीनाथराव ठाम नाही म्हणाले आणि डहाणूजवळच्या त्या छोट्या कॉलेजचं अनुदान अडलं. पुस्तकांना पैसे नाहीत, आणि हजार पुस्तकं नसली तर विद्यापीठ मान्यता काढणार. मग ग्रंथपाल वसुमतीबाईंनी घोलवडहून चिकूच्या रिकाम्या पेट्या आणल्या आणि दारोदार फिरून तपासणीच्या दिवसापुरती पुस्तकं उसनी मागितली.

तपासणीला आलेल्या विद्यापीठाच्या समितीच्या अध्यक्षांनी एक पुस्तक उघडलं. त्यातून चिकूच्या पेटीतलं सुकं गवत पडलं. पहिल्या पानावर होतं, ‘चि. सौ. कां. अदितीस, लग्नाची भेट.’

“बाई, लायब्ररी कालच पेटीतून उतरलेली दिसते!”

वसुमतीबाईंना खोटं बोलवेना. “उद्या परत द्यायचीत, सर.”

“मग आज सगळ्यांवर कॉलेजचा शिक्का मारा. मी बसतो इथे. चहा सांगा.”

मान्यता राहिली. गावातून एकानेही पुस्तक परत मागितलं नाही.

अध्यक्ष कुलगुरू होता होता राहिले. गोपीनाथराव त्याच खुर्चीवरून निवृत्त झाले. पुतण्या पुढच्या वर्षी रोज वर्गात बसून पास झाला. आणि गावकरी रांगेत उभे राहून, कार्डावर सही करून, आपलीच पुस्तकं आठवड्यासाठी घरी नेत राहिले. एक दिवस उशीर झाला तरी वसुमतीबाई रागावत.