दादाच्या घरी आहे तोच

"सस्ता म्हणजे किती सस्ता, नितेशभाऊ?" योगेशनं काउंटरच्या काचेवर प्रोसेसरच्या दोन डब्या ठेवल्या. "हा पाहा, तुमच्या घरच्या कम्प्युटरले लावला तोच. कितीबी भारी सिनेमा लावा, झकास चालते. अन् हा दुसरा मागच्या पिढीतला. चालते हाबी, पण साधं-सुधं. मोठी फाइल आली की अडकते, पंखा घुरघुर करते. टीव्हीजवळ ठेवाचा म्हणता, मंग आवाज ऐकू येईनच."

नितेशनं मागं वळून पाहिलं. रागिणी, त्याची धाकटी बहीण, दुकानाच्या दाराशी, रस्त्याच्या गोंगाटात काउंटरवरचं बोलणं ऐकू येणार नाही इतकी दूर, स्टुलावर बसून अंगठ्याची शाई रुमालानं पुसत होती. शाई काही निघत नव्हती. सकाळीच तिनं रजिस्ट्री ऑफिसात वडिलांच्या वावरावरचा आपला हक्क भावाच्या नावानं सोडून दिला होता. शिकलेली बाई, पण कागद वाचलासुद्धा नाही. "कुठं करू सही, दादा?" एवढंच विचारलं अन् मोकळी झाली.

आता हक्कसोड झाली की भाऊ बहिणीला साडी घेतो, गोडाधोडाचं जेवू घालतो अन् बसमध्ये बसवून देतो. वऱ्हाडात असंच चालतं, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. पण रागिणीनं साडीला नाही म्हटलं. "साड्या लय हायेत मले. तुह्या टीव्हीले लावला हाय न, तसा कम्प्युटर दे. दिवाळीले आपुन सिनेमा पायला, तसाच मले अकोल्याले माह्या घरी पाहाचा हाय." हौशी बाई! लहानपणापासून सिनेमा म्हटला की जेवण विसरायची. नितेशही तोऱ्यात म्हणाला होता, "येवढंच न? चाल, आत्ता घेऊ."

अन् राजापेठेतल्या दुकानात पाय ठेवल्याबरोबर त्याचं मन आखडलं.

"तिले काय कराचा येवढा भारी?" तो योगेशला हळू आवाजात म्हणाला. "साधाच टाक. तिले काय समजते त्यातलं?"

बोलून गेला अन् त्याचं त्यालाच कसंसं झालं. अख्खं वावर घेतलं आणि एका चिपसाठी हात आखडता घेतोय, हे त्याला कळत होतं. न कळायला काय झालं? बरं, दुसऱ्या कोणावर ढकलायचीही सोय नव्हती. बायको दामिनीनं तर घरून निघतानाच सांगितलं होतं, "रागिणीताईले चांगलं पाहून घेऊन द्या."

 योगेशनं स्वस्त डबी पुढं ओढली.

तेवढ्यात रागिणी उठून काउंटरपाशी आली. दोन्ही डब्या तिनं उलटसुलट करून पाहिल्या. "मले काई समजत नाई बावा यातलं. दादा, तुह्या घरी कोणता हाय?"

"हाच," नितेश म्हणाला. त्याचं बोट स्वस्त डबीवर होतं.

असं खोटं तो बोलेल, हे एका क्षणापूर्वी त्यालाही माहीत नव्हतं. रागिणीचा चेहरा मात्र खुलला.

"मंग तोच पायजे मले. तुह्या घरी कसं, येवढा सिनेमा चालू असते, पण मशीनचा आवाज म्हणून नाई. म्या त कान लावून पायलं होतं!"

वायर गुंडाळणाऱ्या योगेशचे हात थांबले. नितेशचे कान तापले. आता हिला घुरघुर ऐकू येईल. ती म्हणेल, माझ्याच घरची विजेची लाइन खराब असेल. दादावर ती संशय घेणार नाही, मेली तरी घेणार नाही. 

"थांब योगेश," तो घाईनं म्हणाला. "हा राहू दे. तो भारीवाला दे तिले."

म्हटलं अन् त्याला जरा हलकं वाटलं.

"काहून?" रागिणीनं त्याचा हात धरला. "तुह्या घरी साधा अन् माह्या घरी भारी? असं कुठं असते काय? वहिनीले काय वाटन?"

"काई नाई वाटत तिले. घे म्हणून राहिलो न मी."

"अन् मले वाटते त्याचं काय?" तिनं भारी डबी योगेशकडं परत सरकवली. "तुह्याहून जास्त मले नको, दादा. भावाबहिणीचं कसं, सारखं असावं."

नितेशनं तोंड उघडलं. पण खरं सांगायचं तर आधी खोटं बोललो हे सांगावं लागत होतं.   योगेशनं त्याच्याकडं पाहत विचारलं, "बसवू न मंग हाच?"

"बसव," नितेश म्हणाला. आपला आवाज त्याला परक्यासारखा वाटला.

रागिणीनं तोवर नवऱ्याला फोन लावलाही होता. दाराशी जाऊन, एक कान झाकून, रस्त्यावरच्या हॉर्नच्या वर आवाज चढवून ती बोलत होती.

"अवो, घेतला कम्प्युटर! ... नाई वो, हलका काहून असन? तुमी मले सही करू नको म्हणत होते न? भाऊ काई देणार नाई म्हणत होते न? आता पाहा. दादाच्या घरी हाय न, अगदी तोच देला त्यानं मले."