विश्रामचा हात

“आता सॅमसनचा लाडका बँड,” कॅफेतल्या नेहमीच्या टेबलाशी कोणीतरी म्हणालं. सॅमसनला जाऊन महिनाही झाला नव्हता.

हॉल ऑफ फेमच्या लायकीचे जुने रॉक बँड कोणते, हे ही मित्रमंडळी कॉलेजपासून इथेच भांडून ठरवत आली होती. सगळ्यांचे हात वर झाले, तरच बँड पास. आणि गैरहजर माणसाची बाजू त्याच्या कट्टर विरोधकानेच मांडायची.

म्हणून विश्राम उठला. “तुझ्या ड्रमरला ताल कळत नाही,” असं सॅमसनला जन्मभर डिवचणारा विश्राम आज त्याच ड्रमरवर भरभरून बोलला. सॅमसनसारखंच चमच्यांनी टेबलावर वाजवूनही दाखवलं.

सगळे हात वर गेले. सॅमसनचा बँड पहिल्यांदाच पास झाला.

विश्राम आपल्या वर गेलेल्या हाताकडे बघत राहिला. इतकी वर्षं तेवढा एकच हात खाली असायचा.